निरीक्षकांना शाल-श्रीफळ

ड्युसेलडॉर्फच्या मराठी मंडळात नव्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात तो कंपनी कुठली हा. माझ्या वतीने त्याचं उत्तर बायको देत असे. ती मेकॅनिकल इंजिनीअर, गाड्यांच्या ब्रेकवर काम करते. मग दुसरा प्रश्न येई, "आणि तुम्ही?"

"शिकतो."

"पीएच.डी.?"

"नाही, मास्टर्स."

"कशात?"

"आंतरराष्ट्रीय विकास आणि जागतिक शिक्षण."

एका आयटीवाल्याने एकदा बराच विचार करून विचारलं, "विकास कोणाचा? जर्मनीचा?" दुसऱ्याने धीर दिला. "हरकत नाही. बरोबरीने पायथनचा एखादा कोर्स करून टाका."

पुण्याच्या एका वर्तमानपत्रात मी बरीच वर्षं उपसंपादक होतो. बायकोला इथे नोकरी मिळाली तेव्हा ते काम सोडलं. जर्मनीत मराठी उपसंपादकाला मागणी नाही, हे विमानात बसण्यापूर्वीही ठाऊक होतं. कोलोनला इंग्रजीतून शिकवणारा हा अभ्यासक्रम सापडला आणि चाळिशीनंतर पुन्हा बाकावर बसलो. वर्गात केनियाची एक शिक्षिका होती, कोलंबियाचा एक वकील होता आणि तेविशीतले पुष्कळ जर्मन होते. चर्चेत 'गाव' हा शब्द निघाला की ते जर्मन माझ्याकडे आदराने पाहत. माझं बालपण कोथरूडला चौथ्या मजल्यावर गेलं. विहीर मी शाळेच्या सहलीत पाहिली. पण ते सांगायला संधी मिळत नसे.

दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिक होतं. कुठल्यातरी समुदायात जायचं, लोकांना एकत्र बसवायचं आणि त्यांच्या गरजा त्यांच्याच तोंडून काढून घ्यायच्या. पद्धत ठरलेली होती. प्रत्येकाला कोरी कार्डं द्यायची. एका कार्डावर एकच गरज लिहायची, नाव घालायचं नाही. कार्डं भिंतीवर लावायची. मग प्रत्येकाने चिकटणारे रंगीत ठिपके घेऊन जी गरज मोठी वाटेल तिच्यावर लावायचे. ठिपके मोजले की गरजांचा क्रम तयार. चर्चा चालवणाऱ्याने स्वतःचं मत द्यायचं नाही. परीक्षक म्हणून एक प्राध्यापक हजर राहणार आणि त्यांनी एका कोपऱ्यात, कोणाच्या लक्षात येणार नाही असं बसायचं.

बाकीचे विद्यार्थी यासाठी घाना, नेपाळ, पेरू इथे गेले. आमची मुलगी तिसरीत होती, बायकोला सुट्टी नव्हती, म्हणून मला लांब जाणं शक्य नव्हतं. मी मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गाचं नाव सुचवलं. प्राध्यापकबाईंनी ते आनंदाने मान्य केलं. त्यांनी पूर्व आफ्रिकेत कित्येक वर्षं काम केलं होतं. लोकल गाडीने जाता येईल असा समुदाय त्यांना पहिल्यांदाच मिळत होता.

माझ्या दृष्टीने या प्रात्यक्षिकावर एक नोकरी अवलंबून होती. परदेशी मुलं जास्त असलेल्या शाळांबरोबर काम करणारी एक लहान संस्था मला घ्यायला तयार होती. त्यांची अट एकच होती, प्रात्यक्षिकात पास व्हा आणि या. नापास झालो तर ते पुन्हा वर्षभराने, आणि जागा तोपर्यंत थांबणार नव्हती. पुणं सोडल्यापासूनचा तो पहिलाच पगार असता.

मंडळाच्या अध्यक्षांना मी फोन केला. अध्यक्ष एका कारखान्यात प्रॉडक्शन पाहतात. कामाला वाघ.

"माझ्या प्राध्यापकबाई येणार आहेत. त्या मागे बसतील. त्यांच्यासाठी काही करू नका."

"छे छे, काही नाही करणार."

"खरंच काही करू नका."

"अहो, तुम्ही निर्धास्त राहा."

"नाही, पुन्हा सांगतो, अगदी काही म्हणजे काही करू नका."

"समजलो," अध्यक्ष म्हणाले.

ते खरोखरच समजले होते, चूक माझी होती. एकदा 'काही करू नका' म्हटलं तर मराठी माणूस चहा करतो. दोनदा म्हटलं तर जेवण करतो. मी तीनदा म्हटलं होतं.

वर्ग एका चर्चच्या सभागृहात भरतो. त्या रविवारी दाराशी रांगोळी होती. इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरला फरशीवर पावडर चालत नाही, म्हणून स्टिकरची. आत स्टेजजवळ पांढरं कापड घातलेलं टेबल, त्यावर फुलं, पाण्याची बाटली आणि 'प्रमुख पाहुण्या' अशी छापील पाटी. मुलं दोन रांगांत उभी होती. त्यांच्यापुढे वर्गाच्या ताई. आठवडाभर एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करून रविवारी त्या विनामूल्य शिकवतात.

प्राध्यापकबाई वेळेच्या पाच मिनिटं आधी आल्या. सायकलचं हेल्मेट हातात, पाठीला सॅक. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ठरल्याप्रमाणे सरळ शेवटच्या रांगेत कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

अध्यक्षांनी क्षणभर विचार केला. मग दोन पालकांना खूण केली. तिघांनी मिळून टेबल उचललं आणि फुलं, पाटीसकट शेवटच्या रांगेत नेऊन बाईंच्या पुढ्यात ठेवलं. मंडळींनी न सांगता आपापल्या खुर्च्या फिरवल्या. शेवटची रांग पहिली झाली.

"हा पद्धतीचा भाग आहे का?" बाईंनी मला हळूच विचारलं.

"नाही."

"मग मी काय करायचं?"

"आता काही इलाज नाही," मी म्हणालो. "नारळ देतील तो दोन्ही हातांनी घ्या."

स्वागतगीत झालं. दीपप्रज्वलन झालं. छतावर धुराचा अलार्म असल्यामुळे समई बॅटरीवरची होती. बाईंनी न पेटवलेल्या मेणबत्तीने एकेका वातीला स्पर्श केला आणि शेवटच्या वातीला अध्यक्षांच्या पत्नीने मागून बटण दाबलं. टाळ्या पडल्या. मग शाल. मग श्रीफळ. ते जर्मन सुपरमार्केटातलं, शेंडी नसलेलं, म्हणून ताईंनी त्याला लोकरीचा गोंडा लावला होता. अध्यक्षांनी प्रास्ताविक केलं. त्यात माझा उल्लेख 'लवकरच डॉक्टरेट मिळवणारे' असा आला. मी हात वर केला, तो त्यांनी नमस्कार समजून स्वीकारला.

यानंतर माझं काम सुरू झालं. बोर्डावर प्रश्न लिहिला, 'आपल्या मराठी वर्गाला कशाची गरज आहे?' कार्डं वाटली, नियम सांगितले. कोणाचं नाव कळणार नाही हे दोनदा सांगितलं. पालक वाकून लिहू लागले. काहींनी कार्डावर हात आडवा धरला होता, परीक्षेत धरतात तसा.

पहिलं कार्ड भिंतीवर लागलं, 'काही कमी नाही.' दुसरं, 'सर्व उत्तम चालू आहे.' तिसऱ्यावर 'आपण आलात, आनंद झाला.' चौथ्यावर नुसतं 'पार्किंग.' मग पुन्हा तीन कार्डांवर सर्व उत्तम चालू होतं.

अध्यक्षांचे सासरे तीन महिन्यांच्या व्हिसावर मुलीकडे आले होते. साताऱ्याकडचे निवृत्त मुख्याध्यापक, सगळ्यांत वडीलधारे. त्यांना सगळे 'बाबा' म्हणत. त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'मान्यवरांचे मार्गदर्शन लाभावे.'

ठिपके वाटले. कोणी उठेना. बाबा उठले, स्वतःच्या कार्डापाशी गेले आणि आपले सगळे ठिपके त्यावर लावून बसले. त्यानंतर रांग लागली. बाबांनी ज्याला मत दिलं ते सोडून दुसरीकडे ठिपका लावणं बरं दिसलं नसतं. दोघा-तिघांनी उरलेला एखादा ठिपका 'काही कमी नाही'वर लावला, आणि एका पालकाने तोंड दुसरीकडे करून एक ठिपका पार्किंगवर.

मी निकाल भाषांतर करून बाईंना दिला.

"पहिल्या क्रमांकाची गरज मी आहे?" त्यांनी विचारलं.

"होय."

"दुसऱ्या क्रमांकाची गरज म्हणजे कशाचीच गरज नाही?"

"होय."

"आणि तिसरी पार्किंग."

"ती खरी आहे," मी म्हणालो.

निरीक्षकाने बोलायचं नसतं. बाईंनी शाल सावरली. माझ्या डोळ्यांपुढून त्या लहान संस्थेचं ऑफिस, त्यातली मला दाखवलेली खिडकीजवळची जागा, सावकाश सरकत गेली.

जेवण झालं. साबुदाणा वडे, मसालेभात, जिलबी. चर्चच्या सभागृहात कागदी ताटल्यांना बंदी आहे. ताटल्या तिथल्याच काचेच्या, आणि धुऊन, पुसून, कपाटात होत्या तशा लावून द्याव्या लागतात. मी ताटल्यांचा ढीग घेऊन स्वयंपाकघरात शिरलो. आत ताई, अध्यक्षांच्या पत्नी आणि आणखी दोघी-तिघी होत्या.

"मुलं येतात ती जिलबीसाठी," एक म्हणत होती.

"आमचा तेवढ्यासाठीही येत नाही. रविवारी फुटबॉलची मॅच असते. दर रविवारी भांडण."

"आणि ते पुस्तक! बैल, नांगर, मोट. माझी मुलगी विचारते, मोट कुठल्या कंपनीची?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मी म्हटलं, पप्पाला विचार. त्याने गूगल केलं."

"अगं, पण शिकवायचं तरी कसं?" ताई म्हणाल्या. "मराठी शब्द घ्यायचा, जर्मनमध्ये समजावायचा, जर्मनमध्ये प्रश्न येतो, त्याला मराठीत उत्तर द्यायचं. तासाच्या शेवटी माझंच जर्मन सुधारलेलं असतं." मग त्या नळाखाली ताटली धरून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तेही नाही. आम्ही स्टुटगार्टला चाललो. ह्यांना तिथल्या त्सुफेनहाउझेन भागात नोकरी लागली."

वर्गाला दुसरी शिक्षिका नव्हती.

"हे कार्डावर का नाही लिहिलंत?" मी विचारलं.

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी काही अभद्र बोललो असावं.

"अहो दादा, पाहुण्यांसमोर?"

"पण त्यांनीच तर विचारलं!"

"ते विचारणारच. त्यांनी विचारायचं असतं, आपण सांगायचं नसतं."

"आता बाहेर येऊन सांगाल?"

"छे! आता तर शाल दिली त्यांना."

एवढ्यात प्राध्यापकबाई स्वतःची ताटली घेऊन दारात उभ्या राहिल्या. तीन हात एकदम पुढे आले. बाईंनी ताटली सोडली नाही. आपण खाल्लेली ताटली आपण धुवायची, असं त्या म्हणाल्या. अध्यक्षांच्या पत्नी म्हणाल्या, असं कसं, तुम्ही पाहुण्या. ताटली थोडा वेळ दोघींच्या मध्ये होती. बाईंनी पूर्व आफ्रिकेत पुष्कळ काही जिंकलं असेल, इथे त्यांना ताटली मिळाली नाही. पण खुंटीवर पुसायचं फडकं होतं. त्यांनी ते काढलं, शाल कमरेला गुंडाळली आणि धुतलेला ढीग पुसायला घेतला.

यापुढे जे झालं ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. पाहुणे भांडी पुसत नाहीत. तेव्हा भांडी पुसणारी बाई पाहुणी उरली नाही. काही मिनिटांतच तिला 'ते तिकडे नको, वरच्या कपाटात' असं सांगण्यात आलं, आणि ते सांगण्याचा सूर घरच्या माणसाशी असतो तो होता.

"आल्झो," ताईंनी जर्मनमध्ये सुरुवात केली, "आमच्या वर्गाचं खरं सांगायचं तर..."

मग कोणी थांबेना. कोणाचं जर्मन ऑफिसातलं, कोणाचं बालवाडीच्या दारातलं. फुटबॉल झाला, बैल झाले, मोट झाली. बाई मधूनमधून जर्मनमधलं 'या', म्हणजे 'हो', म्हणत होत्या आणि काटे-चमचे वेगळे करत होत्या. बाबा चहा मागायला आत आले, गर्दी पाहून थांबले आणि कोणीही विचारलं नसताना आपलंही सांगून गेले. त्याचं मी भाषांतर केलं.

"मी जन्मभर मराठी शिकवलं. नातू माझ्याशी जर्मनमध्ये बोलतो. मला कळत नाही. मी गेनाऊ म्हणतो, म्हणजे 'अगदी बरोबर'."

"सगळ्यालाच?" बाईंनी विचारलं.

"सगळ्यालाच. परवा त्याने काहीतरी विचारलं. मी म्हटलं, गेनाऊ. तो गेला आणि चॉकलेटचा अख्खा डबा संपवून आला. मुलीने त्याला विचारलं, कोणी परवानगी दिली? तो म्हणाला, आजोबांनी."

हशा चालू असताना दारात अध्यक्ष उभे होते. त्यांनी सुरुवातीपासून ऐकलं होतं की शेवटी, हे कळायला मार्ग नव्हता. सगळ्या भांड्यांकडे वळल्या. ताई मात्र वळल्या नाहीत. हातावर साबणाचा फेस होता, तसाच घेऊन त्यांनी स्टुटगार्टचं सांगितलं, पुस्तकाचं सांगितलं, आणि वर्ग शनिवारी घेतला नाही तर पुढच्या वर्षी तिथे फक्त बॅटरीची समई उरेल, हेही सांगितलं.

अध्यक्ष सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मग हे कार्डावर का नाही लिहिलंत?"

त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "तुम्ही काय लिहिलंत?"

"पार्किंग," अध्यक्ष म्हणाले.

परतताना ट्रामच्या थांब्यापर्यंत बाईंनी सायकल ढकलत सोबत केली. नारळ सॅकमध्ये होता, गोंडा बाहेर आला होता. त्या म्हणाल्या की दुपार फार चांगली गेली, आणि आता त्या मला गुण देऊ शकत नाहीत. निरीक्षकाने भाग घ्यायचा नसतो. त्यांनी तर दिवा लावला होता, शाल घेतली होती आणि दोन कपाटं लावली होती. गुण दुसरे परीक्षक देतील. त्यांच्याविषयी विद्यार्थ्यांत एवढंच प्रसिद्ध होतं की ते हसत नाहीत.

मी अहवाल लिहिला. भिंतीवर काय आलं ते एका भागात, स्वयंपाकघरात काय बोललं गेलं ते दुसऱ्या भागात. बातमीदारीतला नियम इथेही होता. जे छापण्यासाठी बोललं गेलं नाही ते बोलणाऱ्याच्या परवानगीशिवाय छापायचं नाही. मी प्रत्येकीला फोन केला. प्रत्येकीने परवानगी दिली आणि प्रत्येकीने एकच अट घातली, नाव नको. एकीने 'पालक' हा शब्दही नको म्हटलं, त्यावरून ओळखतील. तिला मी 'एक सहभागी' केलं. बाबा 'एक ज्येष्ठ सहभागी' झाले. ओळख पटेल असं काही ठेवलं नाही. अहवालातल्या या गुप्ततेच्या प्रकरणाचं मला मनातून समाधान होतं. प्रात्यक्षिक वाचवायला निदान ते पुरेल असं वाटत होतं.

एक पायरी राहिली होती. निष्कर्ष समुदायाला वाचून दाखवायचे आणि त्यांची प्रतिक्रिया अहवालाला जोडायची. पुढच्या बैठकीत मी उभा राहून वाचू लागलो. "एका सहभागीच्या मते पुस्तकातील संदर्भ मुलांना अपरिचित आहेत. उदाहरणार्थ, मोट."

"ते मी म्हटलं होतं," दुसऱ्या रांगेतून आवाज आला.

"तू कुठे? तू फुटबॉलचं म्हणालीस. मोट माझी."

"बैल तुझा. मोट माझ्या मुलीची."

मी पुढे वाचलं. "दुसऱ्या एका सहभागीने सांगितलं की..."

"दुसऱ्या एका म्हणजे कोण? नाव घाला ना. दादा, एवढं मेलं आम्ही बोललो आणि आमचं नावच नाही?"

"तुम्हीच नको म्हणालात."

"तेव्हा म्हटलं होतं. तेव्हा ह्यांना कळलं नव्हतं. आता सगळ्यांना कळलंय."

बाबांनी उभं राहून, 'एक ज्येष्ठ सहभागी' म्हणजे आपण, असं स्वतः जाहीर केलं आणि चॉकलेटचा प्रसंग पुन्हा सांगितला. अहवालात होता त्यापेक्षा तो लांब झाला होता. अध्यक्षांनी आक्षेप घेतला की पार्किंगचं श्रेय कुठेही दिलेलं नाही. मग त्याच बैठकीत वर्ग शनिवारी घ्यायचं ठरलं, आणि पुस्तक बदलायला तीन जणांची समिती नेमली गेली. ताईंच्या जागी दोघी मिळून शिकवायला तयार झाल्या. त्यांच्यात मोटेवरून अजून वाद चालू होता.

तोंडी परीक्षेला दुसरे परीक्षक एकटेच होते. अहवाल त्यांनी बारकाईने वाचला होता. जागोजागी पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"सहभागींची ओळख गुप्त राखण्यासाठी तुम्ही काय केलंत?"

मी काय काय केलं ते सांगितलं.

"आणि ती गुप्त राहिली?"

खोटं बोलता आलं असतं. पण बैठकीला तीसेक माणसं हजर होती आणि ड्युसेलडॉर्फ ते कोलोन अंतर फार नाही.

"नाही. त्यांनी हरकत घेतली."

"ओळख फुटली म्हणून?"

"ओळख लपवली म्हणून."

परीक्षकांनी पेन्सिल खाली ठेवली. मग उचलली आणि बराच वेळ काहीतरी लिहिलं. खोलीत घड्याळ नव्हतं, म्हणून किती वेळ ते सांगता येत नाही.

"स्वयंपाकघर," ते शेवटी म्हणाले, "तुमच्या नियोजनात नव्हतं."

"नव्हतं."

"म्हणजे तुमची सभा फसली आणि निष्कर्ष योगायोगाने मिळाले."

"होय."

"तसं अहवालात स्पष्ट लिहिलंय का?"

"तिसऱ्या पानावर. पहिल्याच वाक्यात."

त्यांनी तिसरं पान काढून वाचलं. मग म्हणाले की तीस वर्षांत त्यांनी असे पुष्कळ अहवाल तपासले, आणि त्या सगळ्यांत सभा यशस्वी झाली होती. त्यांच्या चेहऱ्यावर कुठलाही बदल नव्हता. त्यांनी मला पास केलं. गुण मधले होते. गुप्ततेचं प्रकरण मात्र नव्याने लिहून द्या, म्हणाले, कारण आता त्यातलं एकही वाक्य खरं उरलेलं नाही.

मी ते आठवड्याभरात लिहून दिलं, पूर्वीपेक्षा बरंच लहान. सोमवारी कामावर रुजू झालो. त्यानंतरच्या रविवारी मंडळाच्या कार्यक्रमात अध्यक्षांनी माझी एका नव्या कुटुंबाशी ओळख करून दिली. नवरा आयटीत होता, बायको नोकरी शोधत होती.

"हे नोकरी करतात," अध्यक्ष म्हणाले.

"कुठली कंपनी?" नव्या गृहस्थांनी विचारलं.

मी संस्थेचं नाव सांगितलं. त्यांनी ते ऐकलं नव्हतं.

"स्टार्टअप असेल," त्यांनी बायकोला समजावलं.